हिरवे केस, आरओचं वेस्ट पाणी आणि साडेसहा महिने

आधीच सांगते, मी ब्युटीवाली नाही. परभणीत एका पतसंस्थेत कॅश काउंटरला बसते, वय ३६. हे लिहायला घेतलं कारण डिसेंबर २०२४ मध्ये रात्री दोन वाजता मोबाईलवर "केस हिरवे झाले काय करावे" असं टाईप करत बसले होते तेव्हा मराठीत कामाचं काहीच सापडलं नव्हतं, सगळीकडं कांद्याचा रस आणि जास्वंद. लिहायचं म्हणत म्हणत बरेच महिने गेले, आता लिहून टाकते.

तर झालं असं. दिराचं लग्न होतं ८ डिसेंबरला. समोरचे केस पांढरे व्हायलेत म्हणून २०२१ च्या दिवाळीपासून मी दर महिन्याला काळी मेहंदी लावत होते, ती किराणा दुकानात दहा-पंधरा रुपयाला पाकीट मिळते ती. पाकिटावर बारीक अक्षरात पीपीडी, म्हणजे डायमधलं रसायन, लिहिलेलं असतं, म्हणजे नाव मेहंदीचं आणि काम हेअर डायचं, पण ते वाचतंय कोण. जानेवारी २०२४ मध्ये वर स्मूदनिंग, म्हणजे केमिकलनं केस सरळ करणं, तेही करून घेतलं. जूनमध्ये कानामागं खाज सुटायला लागली म्हणून मेहंदी बंद केली. आणि लग्नाच्या सहा दिवस आधी, २ डिसेंबरला, इथल्याच एका पार्लरमध्ये ग्लोबल कलर, म्हणजे सगळ्या केसांना एकच रंग, करायला गेले. कॅरॅमल ब्राऊन. ३,८०० रुपये, बिल नाही, ऑनलाइन पेमेंट.

पार्लरवालीनं विचारलं होतं, "आधी काही लावलंय का?" आणि मी म्हणलं, "नाही, साधी मेहंदी, ती पण कधीतरी." हे वाक्य लक्षात ठेवा. स्मूदनिंगचं तर सांगितलंच नाही, मला वाटलं अकरा महिने झाले, आता त्याचा काय संबंध. तिनंही पुढं काही विचारलं नाही, एका बटेचीही टेस्ट घेतली नाही, सगळ्या डोक्याला ब्लीच थापलं आणि पन्नास मिनिटं ठेवलं. मध्ये तिला फोन आला होता ते वेगळंच.

धुतल्यावर आरशात बघितलं तर डोक्यावर तीन पट्टे. मुळाजवळ तीन इंच पिवळे, पिकलेल्या केळाच्या सालीसारखे. मग दोन-अडीच इंच केशरी. आणि खाली मानेपासून टोकापर्यंत लालसर काळे, जवळपास होते तसेच. ती म्हणाली दोन वॉशमध्ये सेट होतील, तुम्हाला सूट होतंय. मी लग्नात पूर्ण वेळ गजरा आणि पदर यात डोकं झाकून काढला. फोटो आहेत, दाखवणार नाही.

पुढचे तीन आठवडे मी जे केलं ते करू नका म्हणून सविस्तर सांगते. पहिलं, जांभळा शॅम्पू, ६५० रुपये. तीन वेळा धुतले, केशरी पट्टा जागचा हलला नाही. नंतर कळलं की जांभळा पिवळ्याला मारतो, केशरीला निळा लागतो, आणि एवढ्या भडक केशरीला नुसत्या शॅम्पूनं काही होत नसतं. दुसरं, ॲश ब्राऊनचे दोन बॉक्स आणून घरी लावले, १,०९८ रुपये. ॲश म्हणजे त्यात निळसर-राखाडी रंग असतो, तो पिवळ्या मुळांवर बसला आणि पिवळा अधिक निळा म्हणजे काय होतं ते चौथीच्या पोराला पण माहीत आहे. माझ्या मुलीलाच माहीत होतं, तीच म्हणाली, "आई, तुझे केस मेथीसारखे दिसायलेत." ताज्या मेथीसारखे नाही, फ्रिजमध्ये आठ दिवस विसरलेल्या.

तिसरं, सरळ डार्क ब्राऊन मारून टाकला, ४८० रुपये, म्हणलं झाकून जाईल सगळं. झाकलं की, बारा दिवस! मग प्रत्येक धुण्याला तपकिरी पाणी वाहून गेलं आणि खालून पुन्हा तो खाकी-हिरवा वर आला. संक्रांत १४ जानेवारीला होती, हळदीकुंकवाला जाऊन आले, बायका वाणाकडं कमी आणि माझ्या भांगाकडं जास्त बघत होत्या. काउंटरवर एक नेहमीचे मामा येतात, पासबुक भरायला, ते म्हणाले, "म्याडम, केसाला काय झालं वो, ऊन लागलं का?" जानेवारीत.

पण रडू आलं ते रंगावरून नाही. एका रविवारी न्हाऊन आल्यावर एक बट बोटांत धरली आणि ती लांबली. ओल्या शेवईसारखी लांबत गेली, परत आखडली नाही, आणि मध्येच तुटली, आवाजसुद्धा झाला नाही. मानेजवळ बघितलं तर अशी तुटलेली खुंटं बरीच होती. तेव्हा आमच्या ह्यांना म्हणलं, आता मी स्वतः काही करत नाही.

आधी स्किनच्या डॉक्टरकडं गेले, फी ५०० रुपये. त्यांनी टाळू बघितली, म्हणाले मुळं ठीक आहेत, केस येत राहतील, पण बाहेर आलेला केस मेलेला असतो, त्याला गोळी-औषध नाही. कानामागच्या खाजेचं ऐकून मात्र काळी मेहंदी कायमची बंद करायला सांगितली, पीपीडीची ॲलर्जी एकदा अंगात बसली की पुढच्या वेळी जास्त जोरात येते, तोंड सुजतं, आणि कुठलाही रंग लावायचा तर आधी पॅच टेस्ट करून ४८ तास थांबा म्हणाले. ज्यांना खाज येते त्यांनी एवढं तरी करा बायांनो, केस नंतर.

मग शोधाशोध. मावसबहीण संभाजीनगरला असते, तिच्या ओळखीनं उस्मानपुऱ्यातल्या एका सलूनचा नंबर मिळाला, तिथं एक बाई फक्त बिघडलेले रंग दुरुस्त करायचं काम घेतात. आपल्याकडं म्हणतातच ना, बनी तो बनी, नहीं तो परभनी. मी उलटी निघाले, परभणीत बिघडवून बाहेर दुरुस्त करायला. कन्सल्टेशन ५०० रुपये, नंतर बिलात वळतं होतं. अपॉइंटमेंटला अकरा दिवस थांबावं लागलं. आम्हाला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते म्हणून २५ जानेवारी घेतली. सकाळची मराठवाडा एक्स्प्रेस, खंडपीठात तारखा असल्या की फाईलवाल्या वकिलांनी भरलेली असते, त्या दिवशी शनिवार म्हणून जागा मिळाली. स्कार्फ डोक्याला.

तिथं गेल्यावर मला वाटलं केस बघतील. त्यांनी कागद दिला. दोन पानांचा फॉर्म, मागच्या पाच वर्षांत डोक्याला काय काय लावलं, महिना आणि साल टाकून. मी परत तेच लिहिलं, "मेहंदी, कधीतरी." ताईंनी वाचलं, माझी वेणी सोडली, टोक हातात धरलं आणि म्हणाल्या, "ताई, केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला सहा इंच. तुमचे वीस इंच आहेत. म्हणजे हे टोक सव्वातीन वर्षांपूर्वीचं आहे. ह्याला काय लावलं होतं ते तुम्ही विसराल, हे विसरत नाही. आता खरं लिहा."

मग सगळं लिहिलं. काळी मेहंदी किती महिने, स्मूदनिंग कधी, दोन बॉक्स, डार्क ब्राऊन. आणि लिहितानाच कोडं सुटत गेलं. वरचे तीन इंच म्हणजे जूननंतर आलेले कोरे केस, मेहंदी नसलेले, शिवाय टाळूच्या उष्णतेनं ब्लीच तिथं लवकर काम करतं, म्हणून पिवळे. त्याखालचा केशरी पट्टा म्हणजे जानेवारी ते जूनमधले, त्यांच्यावर मेहंदीचे थोडेच हात. आणि खालचे सगळे स्मूदनिंग झालेले, त्यावर अडीच वर्षांचा काळा थर, म्हणून रंग हललाच नाही, पण आतून केस पार खलास झाला. स्मूदनिंगमध्ये केसाच्या आतले बंध आधीच तोडून परत जोडलेले असतात, त्यावर ब्लीच म्हणजे प्लास्टर काढलेल्या हातानं पोतं उचलल्यासारखं. माझे पट्टे म्हणजे माझीच डायरी होती.

त्यांनी मागून आतल्या बाजूचे थोडे केस कापून टेस्ट घेतल्या. एक ओढून बघायची, ती मला घरीच कळली होती. दुसरी, प्लास्टिकच्या वाटीत २० व्हॉल्यूम डेव्हलपर (रंगात मिसळतात ते पेरॉक्साइड), अमोनियाचे काही थेंब आणि त्यात केस, अर्धा तास. स्वस्त मेहंदीत किंवा डायमध्ये धातूचे क्षार असले तर वाटी गरम होते, फेस येतो, केस विरघळूसुद्धा शकतो. माझी वाटी गार राहिली. अर्धा तास मी त्या वाटीकडं दहावीच्या निकालासारखी बघत होते.

मग पाण्याचं विचारलं. बोअरचं, मी म्हणलं, पांढरे डाग पडतात बादलीला. आणि मग कौतुकानं सांगितलं की आम्ही पाणी वाया घालवत नाही, आरओ मशीनचं वेस्ट पाणी बादलीत साठवतो, मी त्यानंच केस धुते. ताई हातातला कंगवा ठेवून माझ्याकडं बघतच राहिल्या. आरओ पाण्यातले क्षार काढतं ना, मग ते काढलेले क्षार जातात कुठं? त्याच बादलीत! म्हणजे बोअरचं पाणी आधीच जड, त्यातलं चांगलं प्यायला वेगळं काढून उरलेलं दाट खारं पाणी मी सहा वर्षं डोक्यावर घेत होते. आपल्या मराठवाड्यात पाणी टाकायचं म्हणलं की हात थरथरतो, २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं आपण बघितलंय, त्यामुळं साठवण्याची सवय काही चुकीची नाही. पण ते फरशीला वापरा, संडासात वापरा, केसांना नको. खरखरीत ब्लीच झालेला केस ते क्षार आणखी धरून ठेवतो आणि त्यावर कुठलाच रंग सरळ बसत नाही.

त्या दिवशी रंगाला हातच लावला नाही. चार इंच कापले, क्षार काढणाऱ्या शॅम्पूनं धुतले, त्यात ईडीटीए असतं, ते कॅल्शियम वगैरे पकडून बाहेर काढतं, आणि बंध जोडणारी ट्रीटमेंट. पीपीडी नसलेल्या शेडचा ठिपका कानामागं लावून दिला, ४८ तासांनी फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. बिल जीएसटी धरून २,००० झालं. जीएसटी तेव्हा १८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ ला ५ झाला, माझं काम झाल्यावर. आमचं नशीब असंच.

चार आठवड्यांचं पथ्य मिळालं. आठवड्यातून दोनदाच धुणं, एकदा धुण्याआधी रात्री खोबरेल, शेवटचे दोन तांबे आरओच्या चांगल्या पाण्याचे, क्षाराचा शॅम्पू महिन्यातून दोनदाच कारण तो केस कोरडे करतो, ड्रायर आणि स्ट्रेटनर कपाटात. मी जोशात येऊन प्रोटीन मास्क आठवड्यातून तीनदा लावला आणि केस झाडूसारखे कडक झाले. फोन केला तर म्हणाल्या प्रोटीन म्हणजे सिमेंट, जास्त झालं की तडकतं, पंधरा दिवसातून एकदा पुरे.

२२ फेब्रुवारी, खरा रंग. इथं एक गोष्ट कळली जी आधी कुणी सांगितली असती तर माझे हजारेक रुपये वाचले असते. मी विचारलं, मी डार्क ब्राऊन लावला तो बारा दिवसात का गेला? ताई म्हणाल्या, "आपल्या काळ्या केसाच्या पोटात लाल, केशरी, पिवळा असं सगळं असतं. ब्लीचनं तुमचा लाल-केशरी खरवडून नेला. आता वरून नुसता ब्राऊन मारला तर त्याला खाली जोतंच नाही. जोत्याशिवाय भिंत उभी करायलात तुम्ही." म्हणून आधी जोतं घालायचं, म्हणजे तांबूस-सोनेरी रंग भरायचा, मग त्यावर ब्राऊन. हिरव्याला लाल मारतो, त्यामुळं तो खाकीपणाही त्यातच जातो. डेव्हलपर कमीत कमी, १० व्हॉल्यूम, म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड. ब्लीच अजिबात नाही.

पहिला थर धुतल्यावर आरशात माझं डोकं गाजराच्या हलव्यासारखं झालं होतं. मी बहिणीला फोटो पाठवला, तिचा लगेच फोन, "माय गं, हे काय करून घ्यायलीस परत?" हात गार पडले होते माझे, खरंच. वीस मिनिटांनी वरून ब्राऊन चढला आणि संध्याकाळी पाच वाजता मी तीन महिन्यांत पहिल्यांदा माणसासारखी दिसत होते. ४,२०० रुपये, साडेपाच तास. परतीची गाडी गेली, सिडको स्टँडवरून एसटीनं आले, जालन्याला अर्धा तास थांबली, घरी यायला रात्रीचे अकरा.

इथंच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पाडव्यापर्यंत, म्हणजे ३० मार्चपर्यंत, कानशिलाजवळ खाकी परत डोकवायला लागला. आधीइतका नाही, पण मला दिसायचा. ताईंनी हे आधीच सांगितलं होतं, असा केस स्पंजसारखा असतो, पटकन पितो, पटकन सोडतो, दोन-तीनदा भरावं लागेल. तरी त्या दिवशी जेवण गेलं नाही.

१२ एप्रिलला तिसरी खेप. मुळांकडं परत भरणी केली, आणि टोकाच्या काळ्या केसांवर एका बटेला कलर रिमूव्हर लावून बघितला, ते वासानं सडलेल्या अंड्यासारखं असतं. बट लालसर झाली, मी खूश, ताई म्हणाल्या, थांबा, घरी जाऊन आठ दिवस बघा. चौथ्या दिवशी ती परत काळी. रिमूव्हर रंगाचे कण बारीक करतो, ते नीट धुवून निघाले नाहीत तर हवेनं परत फुगतात, आणि इतक्या थरांचं तर निघतच नाही. तेव्हा ठरलं, खालचं ब्लीचनं नाही, कात्रीनंच काढायचं. त्या दिवशी दोन इंच गेले. २,३०० रुपये.

मधल्या काळात पहिल्या पार्लरशी पण भांडले. बिल नव्हतं, फक्त पेमेंटचा स्क्रीनशॉट. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन लावला, त्यांनी तारीख, रक्कम, फोटो तयार ठेवायला सांगितलं. तक्रार करते म्हणल्यावर पार्लरनं १,५०० परत केले. पूर्ण ३,८०० मागायची मला हिंमत झाली नाही, कारण ते "साधी मेहंदी, ती पण कधीतरी" माझंच होतं. पण बिल घेत जा, आणि आधीचा फोटो काढून ठेवा, उजेडात, मागून.

मे महिना परभणीचा, काय सांगायचं. पारा ४२-४३, स्कूटीवर स्कार्फ, घामानं डोकं भिजलेलं, रोज धुवावंसं वाटायचं आणि धुता यायचं नाही. उन्हानं पण रंग उडतो. तो महिना मी नुसता काढला.

१४ जूनला शेवटची खेप. ताईंनी विचारलं, "तयारी आहे ना?" आणि खांद्याच्या थोडं वर कापले. खाली पडलेले केस मी बघत होते, काळे-लाल, दोन-तीन वर्षांपूर्वीचे. मला वाटलं होतं वाईट वाटेल, पण मान हलकी झाली तेच जास्त जाणवलं. मग मुळांना आलेले नवे केस आणि खालचा ब्राऊन यांची कड दिसू नये म्हणून मध्ये रंग पुसट मिसळून दिला, पांढरे तेवढे त्यातच लपले. ३,१०० रुपये. चारही खेपांचे मिळून ११,६००, शॅम्पू-मास्क मिळून ३,४०० च्या आसपास, प्रवास वेगळा. बिघडवायला ६,००० लागले होते.

निघताना त्यांनी माझ्या फॉर्मच्या शेवटी त्या दिवशीची तारीख, शेडचा नंबर आणि १० व्हॉल्यूम असं लिहून त्याचा फोटो मला पाठवला. म्हणाल्या, पुढं कुठंही गेलात तरी आधी हे दाखवा, तोंडानं काही सांगू नका. मी हसले, त्या हसल्या नाहीत.

घरी आले तर आत्याबाई दारातच गहू निवडत बसलेल्या. सूप खाली ठेवलं, चष्मा वर केला, डोक्याभोवती फिरून बघितलं.

"किती घातले म्हणलीस एकूण?"

"पंधरा हजार."

"आन् शेवटी काळेच केले व्हय?"

"काळे नाहीत आत्याबाई, ब्राऊन आहेत."

त्यांनी परत एकदा उजेडात बघितलं आणि सूप उचललं. "मला तर काळेच दिसायलेत बाई."